समोरच्या खोलीतले सत्र

गेल्या डिसेंबरात पुण्यात ग्रंथपालांची एक परिषद झाली. यजमान महाविद्यालयातली मंडळी ओळखीची असल्यामुळे आम्हा काही स्थानिकांवर किरकोळ कामे सोपवण्यात आली होती, आणि माझ्या वाट्याला पहिल्या मजल्यावरच्या समांतर सत्रांच्या दारांशी उभे राहण्याचे काम आले होते. दोन खोल्या समोरासमोर होत्या. एका दारावर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ग्रंथालय सेवा’ असा कागद चिकटवला होता, तर दुसऱ्या दारावर ‘ग्रामीण सार्वजनिक ग्रंथालयांचे प्रश्न’. पहिल्या खोलीत खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या आणि लोक भिंतीला टेकून उभे होते. दुसऱ्या खोलीत पुढच्या दोन रांगाही भरल्या नव्हत्या, आणि सत्राध्यक्ष घड्याळाकडे पाहत ‘अजून पाच मिनिटे थांबू’ असे म्हणत होते. तेवढ्यात साठीकडे झुकलेले एक गृहस्थ जिना चढून आले. खांद्याला परिषदेत मिळालेली कापडी पिशवी होती आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर मावळातल्या एका गावच्या वाचनालयाचे नाव होते. त्यांनी दोन्ही दारांवरचे कागद सावकाश वाचले आणि गर्दीच्या खोलीकडे वळले. मी सवयीने म्हणाले, “काका, तुमच्या विषयाचं सत्र या बाजूला आहे.” ते थांबले, हसले आणि म्हणाले, “आमचे प्रश्न आम्हाला पाठ आहेत, मॅडम. ते ऐकायला पुण्याला कशाला यायचं?” एवढे बोलून ते आत गेले आणि भिंतीला टेकलेल्या लोकांत जागा करून उभे राहिले.

ते उत्तर काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

उत्तरात उद्धटपणा नव्हता आणि तक्रारही नव्हती. बाजारात आपल्याकडे आहे तीच वस्तू पुन्हा विकत घ्यायला नकार द्यावा, इतक्या सहजपणे ते बोलले होते. वाचकाला योग्य कपाटापर्यंत नेऊन सोडणे हा आमचा धंदाच असल्यामुळे समोर आलेल्या माणसाच्या गळ्यातला बिल्ला वाचून त्याचे कपाट ठरवून टाकण्याचा मोह आम्हा लोकांना आवरत नाही. त्या गृहस्थांनी ते कपाट अतिशय सभ्यपणे नाकारले होते. मला थोडे हसू आले आणि थोडे झोंबलेही. पण त्याहून अधिक विचारात पाडले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्यांचे म्हणणे खरे धरले, तर समोरची खोली नेमकी कोणासाठी उघडली होती? ज्यांचे प्रश्न तेथे मांडले जाणार होते त्यांना ते तोंडपाठ होते, आणि ज्यांना त्यांची गंधवार्ता नव्हती ते सगळे पलीकडच्या खोलीत दाटीवाटीने उभे होते. राज्यात ११ हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि त्यांतली बहुसंख्य गावांत आहेत. त्यांच्यावरचे सत्र अर्ध्या रिकाम्या खोलीत व्हावे याचे वाईट वाटायचे, की त्यांचा एक ग्रंथपाल नव्या विद्येच्या खोलीत मुद्दाम घुसला याचा आनंद मानायचा, हे मला त्या दुपारी ठरवता आले नाही. आजही पुरते ठरवता येत नाही.

परिषदेला गेलेल्या माणसाचा पहिला तास सत्रे निवडण्यात जातो. नोंदणीच्या टेबलावर पिशवी मिळते. तिच्यात एक वही, एक पेन, स्मरणिका आणि कार्यक्रमपत्रिका असते. उद्घाटन वेळेवर सुरू करण्याची प्रथा आपल्याकडे नसल्यामुळे, प्रमुख पाहुणे चांदणी चौकात अडकल्याची बातमी येईपर्यंत कार्यक्रमपत्रिका दोनदा वाचून होते आणि समासात खुणा पडू लागतात. या खुणा कशाच्या आधारावर पडतात हे पाहण्यासारखे असते. कोणाची मैत्रीण निबंध वाचणार असते, कोणाला सत्राध्यक्षांना भेटायचे असते, कारण तेच गृहस्थ उद्या निवड समितीवर येण्याची शक्यता असते. प्रमाणपत्रे कोणत्या सत्रानंतर वाटणार याची चौकशी करून मग त्या सत्रावर खूण करणारेही असतात. जेवणात मसालेभात, जिलेबी आणि मठ्ठा झाल्यानंतरच्या सत्रासाठी विषयापेक्षा सभागृहातला अंधार आणि वातानुकूलन महत्त्वाचे ठरते. या कोणत्याही कारणाला मी नावे ठेवत नाही. वर्षभर देवघेवीच्या खिडकीशी बसणाऱ्या माणसाला दोन दिवस ओळखीच्या चेहऱ्यांत बसावेसे वाटले, तर त्यात गैर काहीच नाही. मात्र इतरांना काय वाचावे हे सांगण्यात ज्यांची हयात जाते, ती माणसे स्वतःसाठी निवड करताना इतकी भोळी होतात याची मला गंमत वाटते.

शीर्षकाच्या बाबतीत हा भोळेपणा सर्वांत जास्त जाणवतो. वर्गीकरण शिकवताना अगदी सुरुवातीलाच सांगितले जाते की ग्रंथाचा विषय केवळ शीर्षकावरून ठरवू नये; अनुक्रमणिका पाहावी, प्रस्तावना वाचावी, त्यानेही भागले नाही तर मजकुरात डोकवावे. शीर्षकाला भुलून शेतीच्या कपाटात गेलेल्या कवितासंग्रहांचे किस्से आम्ही एकमेकांना चवीने सांगतो. परंतु हाती कार्यक्रमपत्रिका आली की हा सगळा अभ्यास विसरला जातो. ‘डिजिटल युगातील ग्रंथालये : संधी आणि आव्हाने’ किंवा ‘बदलत्या काळातील ग्रंथपालाची भूमिका’ ही शीर्षके कोणत्याही वर्षीच्या, कोणत्याही गावच्या परिषदेला चालतात, आणि त्यांच्याखाली काय बोलले जाईल ते वक्त्यालाही आदल्या रात्रीपर्यंत पक्के ठाऊक नसते. म्हणून मी शीर्षक सोडून गोषवारा वाचते. वक्ता रोज कोठे बसतो, म्हणजे खिडकीशी, कार्यालयात की वर्गात, हे आधी पाहते. मग त्याने काही मोजले आहे का, आणि त्याचे काही फसले आहे का, हे शोधते. सगळे यशस्वी झाल्याचे सांगणारा गोषवारा आणि दुकानाची जाहिरात यांत मला फारसा फरक दिसत नाही. ज्या गोषवाऱ्यात काही फसल्याची प्रामाणिक नोंद असते, तेथे मात्र मी आवर्जून जाऊन बसते.

अशाच एका वाक्यासाठी मी पूर्वी एकदा तांत्रिक मंडळींच्या सत्राला गेले होते. गोषवाऱ्यात लिहिले होते की मराठी तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, शोध घेतला असता नोंदी अर्धवट येतात, आणि कारण कळायला फार वेळ लागला. सत्र संगणक प्रयोगशाळेत ठेवले होते. फिरत्या खुर्च्या, वातानुकूलकाची घरघर आणि श्रोत्यांत बहुतेक तरुण मुले. निबंध वाचणाऱ्या मुलीने पडद्यावर ‘वऱ्हाड’ हा शब्द दोनदा टंकून दाखवला. दोन्ही शब्द दिसायला हुबेहूब एकसारखे होते. पहिल्या शब्दाने शोध घेतल्यावर काही पुस्तके आली, दुसऱ्याने घेतल्यावर वेगळीच. मग तिने उलगडा केला. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत नुक्ता असलेला ऱ वापरून त्याला हलंत जोडतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलंत आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. आपल्या डोळ्यांना शब्द एकच, संगणकाला मात्र दोन. नोंदी करणारी माणसे बदलली, कळफलक बदलले, आणि तालिकेत वऱ्हाडचे दोन तुकडे झाले. तिच्या वाट्याला जेमतेम सात मिनिटे आली होती आणि घंटा वाजली तेव्हा ती अजून निष्कर्षावर पोहोचली नव्हती. परत आल्यावर मी आमच्या तालिकेत ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द घालून पाहिले, आणि तोच प्रकार आढळला. त्याच झपाट्यात ‘विंदा’, ‘विं.दा.’ आणि ‘विं. दा.’ असे तिन्ही प्रकारे शोधून पाहिले. टिंब आणि मोकळी जागा यांच्यापायी एकाच कवीची पुस्तके तीन ठिकाणी विखुरली होती. वाचकाने खिडकीशी येऊन ‘पुस्तक नाही म्हणतंय’ असे सांगितले की आम्ही ते ‘बाहेर गेलं असेल’ म्हणून सोडून देतो. ते कपाटातच असते आणि तालिकेला दिसत नसते. तालिकीकरणाच्या माझ्या हक्काच्या सत्रांत इतक्या वर्षांत हे कोणी सांगितले नव्हते.

आपल्या उपयोगाची गोष्ट अशी परक्या खोलीत सापडली की आपण तिला योगायोग म्हणतो, परंतु आमच्याच शास्त्रात त्याचा हिशेब मांडून ठेवलेला आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयाचे प्रमुख एस. सी. ब्रॅडफर्ड यांनी १९३४ साली उपयोजित भूभौतिकीवरचे लेख कोणकोणत्या नियतकालिकांत विखुरले आहेत ते मोजले. एकूण १३३२ लेख ३२६ नियतकालिकांत निघाले. त्यांपैकी ४२९ लेख अवघ्या ९ नियतकालिकांत होते, पुढचे ४९९ लेख ५९ नियतकालिकांत पसरले होते, आणि उरलेल्या ४०४ लेखांसाठी तब्बल २५८ नियतकालिके उघडावी लागत होती. लेखांचे हिस्से जवळपास सारखे, पण प्रत्येक पुढच्या हिश्शासाठी नियतकालिके कितीतरी पटींनी वाढतात, हा नियम ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत आम्ही सगळ्यांनी पाठ करून लिहिला आहे, आणि त्याचा उपयोग कोणती नियतकालिके बंद करावीत हे ठरवण्यापुरता केला आहे. पण नियतकालिकांच्या जागी सत्रे ठेवून पाहावीत. आपल्या विषयाच्या दोन-तीन सत्रांत आपल्याला हव्या असलेल्या गोष्टींचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो, आणि राहिलेले सारे ज्या खोल्यांच्या दारांवर आपले नाव लिहिलेले नाही तेथे थोडे थोडे सांडलेले असते. ते सगळे वेचायचे म्हटले तर दोन दिवस पुरणार नाहीत हे खरे. परंतु पहिल्या तिसऱ्या हिश्शासाठीच दोन्ही दिवस खर्च करणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

येथे रंगनाथनांची आठवण होणे अपरिहार्य आहे. गणित शिकवणारे शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत ग्रंथरूपाने मांडले. ते आमच्या प्रत्येक परिषदेच्या उद्घाटनात कोणी ना कोणी म्हणून दाखवतेच. मला मात्र त्यांची फडताळांवरच्या मांडणीविषयीची एक कल्पना अधिक जवळची वाटते. वाचक ज्या विषयासाठी आला त्याची पुस्तके मध्यभागी असावीत, दोन्ही बाजूंना त्याच्याशी नाते सांगणाऱ्या विषयांची असावीत, आणि त्यांच्याही पलीकडे परके विषय सुरू व्हावेत, असे ते म्हणत. मधल्या भागाला आणि त्याच्या कडांना त्यांनी नावे दिली तीही ग्रहणाच्या परिभाषेतली, म्हणजे प्रच्छाया आणि उपच्छाया. मुक्तद्वार ग्रंथालयात वाचक आपल्या पुस्तकापाशी पोहोचेपर्यंत उपच्छायेतून चालत जातो, आणि हव्या असलेल्या पुस्तकाच्या शेजारचे पुस्तक उचलून घरी नेतो. परिषदेच्या आयोजकांना खोल्यांची अशी मांडणी करता येत नाही. समांतर सत्रे एकाच वेळी भरतात आणि माणूस एकाच खुर्चीवर बसू शकतो. पुस्तक परत ठेवून दुसरे उचलावे तसे सत्र परत ठेवता येत नाही. दाराशी बसून अर्ध्यातून उठून जाणारे काही जण असतात, पण भरल्या सभागृहात वक्त्याच्या देखत उठणे मला तरी जमलेले नाही. म्हणून उपच्छायेतून जाण्याची सोय ज्याची त्याने आधीच पेन्सिलीने करून ठेवावी लागते.

मावळातल्या त्या गृहस्थांनी नेमके तेच केले होते, आणि त्याकरता त्यांना रंगनाथनांची गरज पडली नव्हती.

दाराशी उभे राहण्याचे माझे काम अर्ध्या तासात संपले, तेव्हा मी समोरच्या खोलीत जाऊन बसले. एका तालुक्याच्या गावचे ग्रंथपाल बोलत होते. त्यांच्याकडे चित्रफिती नव्हत्या. मोबाइलवर काढलेले पाच-सहा फोटो होते. पहिल्या फोटोत काचेची कपाटे होती, त्यांना कुलपे होती आणि किल्ल्यांचा जुडगा एका खिळ्याला टांगलेला होता. दुसऱ्या फोटोत त्याच कपाटांना पाठ करून बसलेली वीस-बावीस वर्षांची मुले होती. ते सांगत होते की वाचनालय संध्याकाळी उघडले की पहिल्या दहा मिनिटांत सगळी टेबले भरतात, पण कपाट उघडण्याची वेळ क्वचितच येते. मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात. त्यांना हवे असते ते टेबल, दिवा आणि घरातल्या दूरचित्रवाणीपासून सुटका. स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघाली की गर्दी वाढते आणि निकाल लागला की काही दिवस शुकशुकाट असतो. “आमचं वाचनालय आता दिवाबत्तीची सोय झालंय,” असे ते म्हणाले, आणि खोलीतल्या पाच-सहा जणांनी एकदम मान हलवली. मग त्यांनी एका बाईंची हकीकत सांगितली. त्या स्वतः कधी येत नाहीत. दर आठवड्याला नातवाच्या हाती पिशवी पाठवतात आणि चिठ्ठीत लिहितात, ‘एखादे चांगले द्यावे, मागचे रडके होते.’ त्या चिठ्ठ्या ग्रंथपालांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या एका चिठ्ठीचा फोटोही त्यांनी दाखवला. रेघी वहीचे फाडलेले पान होते, अक्षर ठसठशीत होते आणि खाली सहीच्या जागी नुसता सभासद क्रमांक होता.

हे सगळे ऐकताना मला आमच्या महाविद्यालयाचा वाचनकक्ष दिसत होता. तोही सकाळी उघडताच भरतो, तेथेही मुले स्वतःचीच पुस्तके उघडतात, आणि देवघेवीचे आकडे दर वर्षी थोडे थोडे उतरतात. सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत महिन्याचे भाडे घेऊन टेबलखुर्ची पुरवणाऱ्या अभ्यासिकांच्या पाट्या जिन्याजिन्यावर दिसतात. त्यांच्यात पुस्तक नावाची वस्तू ठेवण्याची कोणाला गरजही वाटत नाही. ज्या प्रश्नाला कार्यक्रमपत्रिकेने ‘ग्रामीण’ म्हटले होते तो माझ्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर होता, आणि तो नीट मोजून, फोटो काढून मांडणारा माणूस तालुक्याच्या गावचा होता. शहरी महाविद्यालयांतला आम्हा मोजक्यांखेरीज कोणीच त्या खोलीत नव्हता. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असे तिसरा सिद्धांत सांगतो, आणि ग्रंथ स्वतः उठून वाचकाकडे जाऊ शकत नसल्यामुळे ती जबाबदारी ग्रंथालयावर येते. त्या सत्राचे खरे श्रोते आम्ही होतो, शासनाचे अधिकारी होते, अभ्यासक्रम ठरवणारे प्राध्यापक होते. दारावरच्या कागदाने मात्र ज्यांना आतला मजकूर ठाऊक होता त्यांनाच आमंत्रण दिले होते. ‘अभ्यासिका भरते, कपाट उघडत नाही’ असा कागद लावला असता, तर माझ्या मते समोरच्या खोलीतली निम्मी गर्दी इकडे वळली असती.

मोठ्यांनी लहानांकडून शिकण्याचे एक उदाहरण तर आम्ही रोज वापरतो. आज देशातल्या कितीतरी विद्यापीठांत चालणारी कोहा ही ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी संगणकप्रणाली कोणत्याही मोठ्या विद्यापीठात जन्मलेली नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या एका लहान भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे जुनी प्रणाली होती, ती २००० साल उजाडल्यावर तारखा नीट ओळखू शकणार नव्हती आणि बाजारातली महागडी प्रणाली त्यांना परवडण्याजोगी नव्हती. म्हणून त्यांनी १९९९ साली एका छोट्या कंपनीकडून स्वतःपुरती प्रणाली लिहून घेतली आणि नंतर ती सर्वांना मोफत खुली केली. कोहाच्या प्रशिक्षणाला आमच्याकडे नोंदणी पहिल्या दिवशीच भरते. तिच्या मुळाशी एका गावठी ग्रंथालयाची अडचण होती, हे तेथे शिकवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगावेसे वाटते.

चहाच्या वेळी पलीकडच्या खोलीतून आलेल्या मैत्रिणीने मावळातल्या त्या काकांची गोष्ट सांगितली, तीही त्यांचे नाव ठाऊक नसताना. प्रश्नोत्तरांत सुरुवातीचे सगळे प्रश्न नोकऱ्या राहतील की जातील याच मार्गाचे होते. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी ध्वनिक्षेपक मागून घेतला आणि विचारले, “आमच्या दाखल नोंदवहीची पानं मोबाइलवर काढून दिली, तर त्यातून पुस्तकांची यादी करून मिळेल का? अक्षर तीन पिढ्यांचं आहे, आणि मधली काही पानं पावसात भिजलेली आहेत.” वक्त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की छापील मजकूर बऱ्यापैकी वाचला जातो, हातचे मराठी अक्षर मात्र बेभरवशाचे ठरते, यादी मिळेलही, पण ओळ अन् ओळ माणसाने तपासावी लागेल. यावर ते म्हणाले, “तपासायला मी आहे की. लिहायला माणूस नाही.” त्यानंतरची सगळी चर्चा भिजलेल्या पानांभोवतीच फिरली, आणि मैत्रिणीच्या मते सत्रातला तेवढाच भाग घरी नेण्यासारखा होता. मला हे ऐकून आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. परिषदेला इतका नेमका प्रश्न खिशात घेऊन येणारी माणसे आमच्या महाविद्यालयीन वर्तुळात तुरळकच आहेत. आम्हाला कर्तव्य रजा मिळते, प्रवासखर्च मिळतो, पदोन्नतीसाठी प्रमाणपत्राचा उपयोग होतो. वाचनालयाच्या तुटपुंज्या अनुदानावर घर चालवणारा माणूस मात्र पदरचे पैसे घालून, वाचनालयाची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून आलेला असतो, आणि त्याला अर्धा दिवस वाया घालवणे परवडत नाही.

आपण काय निवडतो याच्याइतकेच काय टाळतो हेही बोलके असते. माहितीशास्त्रात कॅल्व्हिन मूअर्स नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. माहिती नसण्यापेक्षा माहिती असणेच जेव्हा अधिक तापदायक ठरते, तेव्हा माणूस ती मिळवण्याची सोय असूनही वापरत नाही, असे त्यांनी १९५९ साली मांडले. या नियमाचा पुरावा हवा असेल तर निर्लेखनाच्या सत्राला जावे. फाटकी, कालबाह्य, कोणी न उघडलेली पुस्तके नियमाप्रमाणे कशी काढून टाकावीत, हा विषय प्रत्येक ग्रंथालयाच्या गळ्याशी आलेला असतो. जागा कोणाकडेच नसते. तरीही हे सत्र नेहमी ओस पडते. कारण तेथून उठलेल्या माणसाला परत जाऊन याद्या कराव्या लागतात, समिती नेमावी लागते, मूल्य वजा करावे लागते, आणि लेखापरीक्षकांसमोर उभे राहावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सत्रातून बाहेर पडणाऱ्यावर सोमवारी सकाळी करायचे असे कोणतेही काम येऊन पडत नाही. ते सत्र भरते यामागे कुतूहल आहे, भीती आहे, आणि ही मोकळीकही आहे.

काही सत्रे मात्र मी न संकोचता सोडून देते. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेवरच्या सत्राला आमच्याकडचे यच्चयावत लोक लोटतात. योजना महत्त्वाची आहे यात शंका नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने तिला मान्यता दिली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये ठेवले आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना खुली केली. पण एवढी माहिती परिपत्रकात असते, आणि परिपत्रक खुर्चीवर बसून पडद्यावरून वाचून घेण्यापेक्षा घरी चष्मा लावून वाचलेले बरे. योजनेबाहेर राहिलेल्या खासगी महाविद्यालयांनी काय करायचे, हा प्रश्न ज्या सत्रात निघेल तेथे मी अवश्य जाईन. तो बहुधा सत्रात न निघता चहाच्या रांगेत निघतो.

शेवटच्या दिवशीची दुपार तर पुण्यापुरती हिशेबात धरूच नये. भोजनानंतर बाहेरगावचे प्रतिनिधी एकेक करून दिसेनासे होतात, आणि समारोपाला अध्यक्ष ‘काही मंडळी प्रवासाला निघाली असल्याने’ असे म्हणतात, तेव्हा ती मंडळी अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या गठ्ठ्यांना सुतळी बांधून घेत असतात. गावच्या वाचनालयासाठी सवलतीत पुस्तके निवडायला वर्षातून एकदाच संधी मिळणाऱ्या माणसाने समारोपाचे भाषण ऐकत बसावे, असे मला वाटत नाही. आयोजकांनी ती दुपार अधिकृतपणे चौकाच्या नावे लिहून टाकली, तर उपस्थितीपत्रकही खरे होईल.

यंदाची कार्यक्रमपत्रिका परवा भ्रमणध्वनीवर आली. या वेळी प्राचार्यांनी माझ्याबरोबर आमच्या सहायक ग्रंथपालांनाही जाण्याची परवानगी दिली आहे, त्यामुळे समांतर सत्रांपुढचे नेहमीचे रडगाणे निम्मे कमी झाले. आम्ही दोघी पत्रिका छापून घेऊन बसलो. त्यांना तालिकीकरणाचे सत्र हवे होते आणि ते मी त्यांना देऊन टाकले, मी सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानावरचे सत्र घेतले, तेव्हा त्यांनी “मॅडम, आपलं काय तिथे?” असे विचारलेच. मी त्यांना त्या सभासद क्रमांकाच्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली. ती पटली की नाही ते कळले नाही, पण त्यांनी माझे नाव लिहून घेतले, आणि लगेच निर्लेखनाच्या सत्रापुढेही माझेच नाव लिहिले. तळघरातल्या गठ्ठ्यांचा विषय त्या गेली काही वर्षे काढत आहेत आणि मी दर वेळी तो मे महिन्याच्या सुटीवर ढकलते, त्यामुळे मला काही बोलता आले नाही. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता ‘बदलत्या काळातील ग्रंथपालाची भूमिका’ असा परिसंवाद आहे. त्याच्यापुढे दोघींपैकी कोणाचेच नाव नाही. दुकानांसाठी लागणारी खरेदीची यादी मात्र त्यांनी आताच करायला घेतली आहे.